फळांवरचा खाण्यायोग्य लेप: डाळिंब जास्त टिकते, पण धुवावे लागतेच

सोलापूर भागात आजारी माणसाला भेटायला जाताना पिशवीत डाळिंबे ठरलेली असतात. बाळंतपण असो, ऑपरेशन असो की टायफॉइडनंतरचा अशक्तपणा, कॉटशेजारच्या टेबलावर डाळिंब दिसतेच. त्यामुळे या फळाबद्दलचे प्रश्नही नातेवाईक हमखास विचारतात. ‘साल एवढी चमकते, वर काय लावले आहे?’ ‘हल्ली फळांना वनस्पतींच्या अर्काचा लेप देतात म्हणे, तो पोटात गेला तर?’ ‘लेप जंतू मारतो, मग फळ धुतले नाही तरी चालेल का?’

पहिल्या दोन प्रश्नांमागे भीती आहे, तिसऱ्यामागे जास्तीचा विश्वास. रुग्णाच्या दृष्टीने दोन्ही त्रासाचेच. भीतीपोटी घरात फळे येणे बंद होते आणि जास्तीच्या विश्वासापोटी न धुतलेले फळ अशा माणसाच्या तोंडी जाते, ज्याची प्रतिकारशक्ती आधीच कमी झालेली असते. म्हणून हे लेप कशाचे असतात, ते काय करतात, काय करू शकत नाहीत आणि कोणी जास्त जपायला हवे, हे समजून घेऊ.

फळ तोडल्यावर त्यात काय घडते?

झाडावरून तोडलेले फळ जिवंतच असते. ते ऑक्सिजन घेते, साठवलेली साखर वापरते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. त्याच वेळी सालीतून पाणी उडून जात राहते. वजन घटते, साल आक्रसते, चव उतरते.

डाळिंबाची साल जाड आणि टणक दिसते, पण तिच्यात बारीक छिद्रे भरपूर असतात. त्यामुळे हे फळ पाणी लवकर गमावते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात हातगाडीवर ठेवलेले डाळिंब काही दिवसांतच तपकिरी आणि कडक दिसू लागते. आतले दाणे अनेकदा चांगले असतात, पण गिऱ्हाईक ते उचलत नाही. हेच फळ साधारण ५ ते ७ अंश सेल्सिअस तापमानात आणि पुरेशा आर्द्रतेत ठेवले तर दोन महिन्यांच्या आसपास टिकू शकते.

तिसरी अडचण बुरशी आणि जिवाणूंची. फळ आपटते, खरचटते, देठाजवळ चिरते. तेवढी जागा बुरशीला पुरते. पेटीतल्या एका फळाला लागलेली बुरशी शेजारच्या फळांवरही पसरते.

लेप देण्याचा उद्देश या तिन्ही गोष्टींचा वेग कमी करणे हा आहे. फळ कायमचे ताजे ठेवणारा लेप नाही.

खाण्यायोग्य लेप कशाचा बनतो?

फळ एखाद्या द्रावणात बुडवून किंवा त्यावर ते द्रावण फवारून वाळवले, की सालीवर एक पातळ थर बसतो. याला लेप किंवा कोटिंग म्हणतात. तोच पदार्थ आधी वेगळा वाळवून कागदासारखा पापुद्रा केला आणि मग फळाभोवती गुंडाळला, तर तिला फिल्म म्हणतात. दोन्हींचे घटक खाण्याजोगे असतात. ते साधारण तीन प्रकारचे असतात:

- कर्बोदके: स्टार्च, डिंक, समुद्री शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट, कोरफडीचा गर आणि कायटोसन. कायटोसन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून तयार करतात. ते बुरशीपासूनही मिळवता येते.
- प्रथिने: दुधातील केसीन आणि व्हे, सोयाबीन, मका किंवा गव्हातील प्रथिने, जिलेटिन.
- मेण आणि स्निग्ध पदार्थ: मधमाशीचे मेण, कार्नोबा नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे मेण, लाख.

लेपाला तडे जाऊ नयेत म्हणून त्यात बऱ्याचदा ग्लिसरॉल मिसळतात. ते खाद्यपदार्थांत आणि औषधांत आधीपासून वापरले जाते.

लेपाची जाडी महत्त्वाची असते. तो इतका पातळ हवा की फळाला थोडा ऑक्सिजन मिळत राहील. लेप फार जाड झाला तर फळ आतल्या आत आंबू लागते आणि कापल्यावर दारूसारखा वास येतो. असे फळ बाहेरून चकचकीत दिसले तरी खाऊ नका.

वनस्पतींचे अर्क त्यात कशासाठी?

साधा लेप पाणी आणि हवा अडवतो. बुरशी आणि जिवाणूंनाही रोखायचे असेल तर त्यात जंतुरोधक घटक मिसळावा लागतो. यासाठी आपल्या स्वयंपाकघरातल्याच अनेक वनस्पतींवर संशोधन चालू आहे: ओव्यातील थायमॉल, लवंगेतील युजेनॉल, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड, गवती चहातील सिट्रल. हे घटक जंतूंच्या पेशींवरचे आवरण ढिले करतात. त्यामुळे पेशीतील पदार्थ बाहेर पडतात आणि जंतूची वाढ थांबते.

डाळिंबाची साल या बाबतीत फार उपयोगी आहे. आपण दाणे खातो आणि साल टाकून देतो. ही साल फळाच्या वजनाचा मोठा हिस्सा असते. तिच्यात प्युनिकॅलाजिनसारखी टॅनिन वर्गातील द्रव्ये भरपूर असतात. सालीला तुरट, कडवट चव येते ती यांच्यामुळेच. टॅनिन प्रथिनांना चिकटतात आणि जंतूंच्या कामात अडथळा आणतात.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात कायटोसन आणि अल्जिनेटच्या लेपात डाळिंबाच्या सालीचा अर्क मिसळून तो पेरूंना दिला गेला. हे पेरू १० अंश सेल्सिअस तापमानात २० दिवस ठेवले. लेप न दिलेल्या पेरूंपेक्षा लेप दिलेल्यांची प्रत चांगली राहिली. म्हणजे एका फळाची टाकाऊ साल दुसऱ्या फळाला टिकवण्यासाठी कामी येऊ शकते.

सोलापूरसाठी हा विषय का महत्त्वाचा?

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या कमी पावसाच्या भागात डाळिंब हे अनेक घरांचे मुख्य उत्पन्न आहे. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. सोलापूरजवळ केगाव येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून काम करते. डाळिंबाचे वाण, रोग आणि काढणीनंतरची हाताळणी हे त्याचे विषय आहेत. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने फळांवरच्या मेणाच्या मिश्रणांवर अनेक वर्षे काम केले आहे, तर आयआयटी गुवाहाटीच्या संशोधकांनी सूक्ष्म शेवाळाचा अर्क घातलेला खाण्यायोग्य लेप तयार केला आहे.

लेपामुळे फळ चार दिवस जास्त टिकले, तर शेतकऱ्याचा माल वाया जात नाही आणि रुग्णाच्या घरी आणलेले महागाचे फळ कचऱ्यात जात नाही. बुरशी लागलेला भाग कापून उरलेले फळ खाण्याची वेळही कमी येते. हे फायदे खरे आहेत. अडचण येते ती ‘जंतुरोधक’ या शब्दाचा अर्थ आपण ओढून मोठा करतो तेव्हा.

जंतुरोधक म्हणजे निर्जंतुक नव्हे

फळाला कुजवणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू बरेचदा वेगळे. लेप मुख्यतः फळ नासू नये म्हणून बनवलेला असतो. तो तुम्हाला जुलाब होऊ देणार नाही, अशी हमी त्यात नसते. यामागे चार कारणे आहेत.

एक, सगळे जिवाणू सारखे नसतात. ई-कोलाय आणि साल्मोनेला यांच्या पेशींवर एक जादा आवरण असते. त्यामुळे अनेक वनस्पतिजन्य अर्कांचा त्यांच्यावर तुलनेने कमी परिणाम होतो.

दोन, विषाणूंवर या लेपांचा भरवसा धरता येत नाही. २०१३ साली अमेरिकेत गोठवलेल्या फळांच्या एका मिश्रणातून हिपॅटायटिस ए, म्हणजे दूषित अन्नपाण्यातून होणारी कावीळ, पसरली. दीडशेहून अधिक लोक आजारी पडले. तपासात संशय गेला तो त्या मिश्रणातल्या, तुर्कस्तानातून आलेल्या डाळिंबाच्या दाण्यांवर. हा विषाणू दूषित पाण्यातून आणि न धुतलेल्या हातांतून अन्नात येतो. दाणे सोलणारे हात आणि धुण्याचे पाणी स्वच्छ नसेल तर साल कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

तीन, लेप देण्याआधीच फळावर घाण असेल तर ती लेपाखाली अडकते.

चार, फळाला छिद्र पडले की सगळे गणित बदलते. २०१४-१५ मध्ये अमेरिकेत कॅरॅमलचा, म्हणजे साखरेच्या पाकाचा, थर दिलेल्या सफरचंदांतून लिस्टेरिया या जिवाणूचा संसर्ग पसरला. ३५ जण आजारी पडले, ३४ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि ७ जण दगावले. त्यांपैकी किमान ३ मृत्यूंना लिस्टेरिया कारणीभूत ठरला होता. सफरचंदात काडी खुपसल्यामुळे आतला रस वर आला आणि पाकाच्या थराखाली जिवाणूला ओल, अन्न आणि आसरा मिळाला. पाकाचा थर जंतुरोधक नव्हता, ही गोष्ट वेगळी. तरीही थर दिला म्हणजे फळ सुरक्षित झाले, हा समज किती महागात पडू शकतो हे यातून कळते.

यावरून एक सोपा नियम लक्षात ठेवा: लेप फळाचे आयुष्य वाढवतो, स्वच्छतेचे काम मात्र आपल्यालाच करावे लागते.

आपल्या बाजारात सध्या काय मिळते?

वनस्पतींच्या अर्काचे बरेचसे लेप अजून प्रयोगशाळेत किंवा मर्यादित वापरात आहेत. मंडईत दिसणारी चमक बहुधा मेणाची असते, तीही मुख्यतः लांबून आलेल्या सफरचंदांवर आणि संत्रावर्गीय फळांवर. भारतीय अन्न सुरक्षा नियमांनुसार ताज्या फळांवर मधमाशीचे मेण, कार्नोबा मेण किंवा लाखेचे मेण मर्यादित प्रमाणात लावता येते आणि तशी नोंद लेबलवर करावी लागते. खनिज तेल आणि रंग लावण्यास मनाई आहे. फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यावरही बंदी आहे.

सुऱ्याने सफरचंद खरवडून पांढरा भुगा दाखवणारे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. भुगा निघाला म्हणजे भेसळ आहेच असे नाही. परवानगी असलेले मेणही असेच निघते आणि सफरचंदाच्या सालीवर थोडे नैसर्गिक मेणही असते. द्राक्षांवरची पांढुरकी झाकही बरेचदा द्राक्षाचे स्वतःचे मेण असते.

संशय वाटला तर पेटीवरचे लेबल पाहा, विक्रेत्याला विचारा. फळाला रंग सुटत असेल किंवा रॉकेलसारखा वास येत असेल तर ते खाऊ नका आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

कोणी जास्त काळजी घ्यावी?

ॲलर्जी असलेले रुग्ण. कोळंबी-खेकडे, दूध, सोयाबीन किंवा गहू यांची ॲलर्जी असेल तर लेपाचा मूळ पदार्थ कोणता, हे महत्त्वाचे ठरते. शुद्ध केलेल्या कायटोसनमध्ये ॲलर्जी करणारी प्रथिने फारच कमी उरतात, तरीही ज्यांना पूर्वी तीव्र ॲलर्जी झाली आहे त्यांनी धोका पत्करू नये. सीलिॲक आजारात गव्हाच्या प्रथिनांचा लेप टाळावा. पॅकबंद पदार्थांवर प्रमुख ॲलर्जीकारक घटक लिहिणे बंधनकारक आहे. सुट्या फळांवर मात्र लेबल नसते, म्हणून अशा रुग्णांनी साल काढून खाता येणारी फळे निवडलेली बरी.

दम्याचे रुग्ण. द्राक्षांच्या पेट्यांत बुरशी रोखण्यासाठी सल्फर डायऑक्साइड सोडणारे कागद ठेवतात आणि पिवळ्या बेदाण्यांनाही गंधकाची धुरी देतात. हा खाण्यायोग्य लेप नव्हे, पण काही दमेकऱ्यांना याने धाप लागू शकते. पेटी उघडल्यावर लगेच वास घेऊ नका. द्राक्षे वाहत्या पाण्यात नीट धुवा. बेदाणे खाल्ल्यावर दर वेळी छाती भरून येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे रुग्ण. यांच्यासाठी बाहेर चिरून ठेवलेली फळे आणि डबीत मिळणारे सोललेले दाणे टाळणे हा सर्वांत महत्त्वाचा सल्ला. जाड सालीचे, न तडकलेले फळ घरी धुऊन, स्वच्छ हातांनी सोलून, लगेच खाणे तुलनेने सुरक्षित. पांढऱ्या पेशी फार कमी झालेल्या काळात कच्ची फळे द्यायची की नाही, हे तुमच्या कर्करोगतज्ज्ञांनाच विचारा.

गर्भवती स्त्रिया. लिस्टेरियाचा संसर्ग आईला साध्या तापासारखा वाटू शकतो, पण त्यातून गर्भपात किंवा बाळाचा मृत्यू होऊ शकतो. हा जिवाणू फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो. म्हणून कालची चिरलेली फळे फ्रिजमधून काढून खाऊ नयेत.

मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार. लेपामुळे फळातील साखर किंवा पोटॅशियम कमी होत नाही. मधुमेहात रसापेक्षा दाणे चावून, ठरवून दिलेल्या प्रमाणात खावेत. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डाळिंब किती खायचे हे आहारतज्ज्ञांना विचारून ठरवावे.

शाकाहार, उपवास आणि व्रते पाळणारे. लाख कीटकांपासून मिळते, मेण मधमाशीचे असते, कायटोसन बहुधा कवचधारी जलचरांपासून आणि जिलेटिन प्राण्यांपासून. आरोग्यावर याचा परिणाम नसला तरी रुग्णाच्या मनाचा प्रश्न असतो. घरातील आजींना हे चालणार नसेल तर त्यांना सोलून खायची फळे द्या.

घरी फळ आणल्यावर काय करावे?

1. निवडताना: तडकलेले, मऊ पडलेले किंवा देठाजवळ बुरशी दिसणारे फळ घेऊ नका. चमक पाहण्यापेक्षा वजन पाहा. हातात घेतल्यावर जड लागणाऱ्या डाळिंबात रस जास्त असतो.
2. आधी हात: साबणाने किमान २० सेकंद हात धुवा. पाट, सुरी आणि वाटी स्वच्छ असू द्या. मांस-मासे कापायचा पाट वेगळा ठेवा.
3. मग फळ: सोलायचे फळही वाहत्या पिण्यायोग्य पाण्याखाली चोळून धुवा. सुरी सालीवरून आत जाते तेव्हा सालीवरचे जंतूही आत नेते. मेण असेल तर कोमट पाण्यात चोळा आणि स्वच्छ कापडाने पुसा.
4. साबण नको: साबण, भांडी घासायची पावडर किंवा लिक्विड फळांना लावू नका. ते सालीत मुरते आणि पोट बिघडवते.
5. खायच्या वेळीच धुवा: धुऊन ओले ठेवलेले फळ लवकर नासते.
6. सोलल्यावर: दाणे बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. सोलापूरच्या उन्हाळ्यात ही मर्यादा एक तासाचीच धरा. उरलेले दाणे झाकण असलेल्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.
7. दवाखान्यात नेताना: फळ अख्खे न्या. घरून सोलून, उन्हातून डब्यात नेऊ नका.
8. आतून काळे निघाले तर: पूर्ण फळ टाका. खराब भाग काढला तरी बुरशीचे तंतू आणि विषारी द्रव्ये उरलेल्या भागात असू शकतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डाळिंबावर तेल्याचे डाग आहेत. खाल्ले तर अपाय होईल का?
तेल्या हा झाडाचा जिवाणूजन्य रोग आहे. तो जिवाणू माणसाला आजारी पाडत नाही. पण या डागांमुळे साल तडकते आणि त्या भेगेतून दुसरी बुरशी आत शिरू शकते. साल अखंड आणि दाणे स्वच्छ असतील तर फळ खाता येते. तडकले असेल तर रुग्णाला देऊ नका.

लेपातला सालीचा अर्क औषधासारखा काम करेल का?
नाही. त्याचे प्रमाण फारच थोडे असते आणि डाळिंबाची साल आपण खातही नाही. ‘अर्काचा लेप दिलेले फळ’ कोणी आजार बरा करणारे म्हणून विकत असेल तर विश्वास ठेवू नका.

मग सालीचा काढा करून प्यावा का?
लेपातला अर्क आणि पेलाभर काढा यांच्या मात्रेत मोठा फरक आहे. सालीतील टॅनिन अन्नातील लोह शोषले जाण्यात अडथळा आणतात. रक्त कमी असलेल्या, गर्भवती किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांनी असा काढा स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

घरी कोरफडीचा गर किंवा लवंगाचे तेल फळांना लावले तर?
लावू नका. कोरफडीच्या पानाच्या सालीलगत पिवळा, कडू चीक असतो. त्याने पोटात मुरडा येऊन जुलाब होतात. लवंगाचे शुद्ध तेल थोडेसे जरी लहान मुलाच्या पोटात गेले तरी झटके येऊ शकतात आणि यकृताला इजा होऊ शकते. लेपातील प्रमाण मोजून ठरवलेले असते. घरी ते साधत नाही.

एवढे सगळे असताना फळे बंदच केली तर?
तसे करू नका. तंतुमय पदार्थ, क जीवनसत्त्व आणि आजारपणात तोंडाला येणारी चव यासाठी फळे हवीतच. परवानगी असलेल्या लेपाचा बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. चमक पाहून फळ टाकण्यापेक्षा ते धुऊन खा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

फळ खाल्ल्यानंतर लगेच ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या, श्वास घ्यायला त्रास झाला किंवा चक्कर आली, तर ही तीव्र ॲलर्जी असू शकते. वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या.

पुढील लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा:

- शौचातून रक्त पडणे, सतत उलट्या होणे
- लघवी कमी होणे, तोंड कोरडे पडणे, लहान मूल मलूल होणे
- जुलाबांबरोबर जोराचा ताप
- डोळे किंवा लघवी पिवळी होणे. हिपॅटायटिस ए ची लक्षणे दूषित अन्न खाल्ल्यानंतर दोन ते सात आठवड्यांनीही दिसू शकतात.
- गर्भवती स्त्रीला कारण न कळणारा ताप आणि अंगदुखी

केमोथेरपी चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक असेल तर रात्र असली तरी रुग्णालयात संपर्क साधा. घरच्या घरी तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. जुलाब सुरू झाल्यास डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत ओआरएसचे पाणी घोट-घोट देत राहा. पाण्याचे प्रमाण पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच ठेवा.

थोडक्यात

- खाण्यायोग्य लेप फळातले पाणी राखतो आणि बुरशीची वाढ मंदावतो. त्यातले वनस्पतींचे अर्क या कामात मदत करतात.
- असा लेप आजार बरा करत नाही आणि फळ निर्जंतुकही करत नाही.
- लेप असो वा नसो, प्रत्येक फळ वाहत्या पाण्यात धुवा. सोलून खायचे असले तरी धुवा.
- रुग्णाला अख्खे, न तडकलेले फळ आणा, घरी सोला, ताजे खाऊ घाला. बाहेरचे चिरलेले फळ टाळा.
- ॲलर्जी, गर्भारपण, केमोथेरपी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर तुमच्या डॉक्टरांशी आधी बोला.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या रुग्णाच्या आहाराबद्दलचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.*